गर्दीच्या लिनक्स सर्व्हरवर कर्नलच्या मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ६४-बिट लिनक्स आणि सिस्टमडी (सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या डिस्ट्रोंसाठी आहेत. सेटिंगांची आणि कमांडची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाकायची.

१. रॅम निम्मी मोकळी, सीपीयू २० टक्क्यांवर, तरी सर्व्हर नवी कनेक्शनं घेत नाही. असं कसं?

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅम आणि सीपीयूखेरीज बऱ्याच गोष्टींचा हिशेब ठेवतो: उघड्या फाइली, सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं टोक), थ्रेड (एका प्रोसेसमधली समांतर कामं), पोर्ट, रांगेत थांबलेली कनेक्शनं, मेमरीचे मॅप. प्रत्येकाला कमाल आकडा ठरलेला असतो. काही आकडे एका प्रोसेसपुरते असतात, काही एका युजरपुरते, काही संपूर्ण मशीनचे. यातला एक जरी गाठला तरी काम अडतं, आणि टॉप किंवा एचटॉप या सीपीयू-मेमरी दाखवणाऱ्या कमांडमध्ये त्याचा मागमूस दिसत नाही.

बरेच डीफॉल्ट आकडे छोट्या मशीनच्या काळातले आहेत. काही मात्र मुद्दाम कमी ठेवलेले आहेत, म्हणजे एखादा प्रोग्रॅम मोकाट सुटला तर तो एकटाच मरेल, मशीन वाचेल. त्यामुळे ‘किती वाढवू?’ हे नंतर बघू. आधी ‘नेमकी कुठली मर्यादा लागली?’ ते शोधा. खालचे बहुतेक प्रश्न त्यासाठीच आहेत.

२. नवा सर्व्हर लावतानाच टाकून ठेवता येईल अशी तयार यादी द्या ना.

नाही देणार. चाळीस ओळींची सिस-सीटीएलची (म्हणजे कर्नलच्या सेटिंगांची) यादी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चिकटवत नेण्याची पद्धत फार जुनी आहे आणि त्या याद्यांमध्ये आता कर्नलमध्ये अस्तित्वातच नसलेली सेटिंगंही सापडतात (प्रश्न ९ पाहा).

तरी आग्रहच असेल तर एवढं करा. मुख्य सर्व्हिसला उघड्या फाइलींची मर्यादा ६५,५३६ द्या. कर्नल ५.४ पेक्षा जुना असेल तर सोमॅक्सकॉन (कनेक्शनांच्या रांगेची कमाल लांबी, प्रश्न ६) ४०९६ करा. मशीन प्रॉक्सीचं काम करत असेल (ग्राहकांच्या विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोचवत असेल) तर प्रश्न ८ वाचा, नॅट (अनेक मशीनना एकाच आयपीमागे ठेवणं) करत असेल तर प्रश्न १०. बाकी सगळं लक्षण दिसेपर्यंत आहे तसं राहू द्या.

३. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा एरर येतो. आमचं अ‍ॅप तर पाच-दहाच फाइली उघडतं.

लिनक्समध्ये सॉकेटही फाइल डिस्क्रिप्टरच (उघड्या फाइलीला कर्नलने दिलेला क्रमांक) असतो, पाइपही, लॉगही. रिव्हर्स प्रॉक्सीला एका ग्राहकामागे दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक ग्राहकाकडचा आणि एक मागच्या अ‍ॅपकडचा. म्हणजे १०२४ च्या मर्यादेत पाचशे ग्राहकही जेमतेम मावतात.

एररचे शब्द नीट वाचा. नुसतं ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असेल तर त्या प्रोसेसची मर्यादा लागली आहे. शेवटी ‘इन सिस्टम’ असेल तर संपूर्ण मशीनची, म्हणजे फाइल-मॅक्स. दुसरा प्रकार हल्ली क्वचितच दिसतो, कारण सिस्टमडी २४० पासून बूट होतानाच फाइल-मॅक्स जवळजवळ अमर्याद केलं जातं. मशीनवर सध्या किती फाइली उघड्या आहेत ते /प्रोक/सिस/एफएस/फाइल-एनआर मध्ये दिसतं. तिथे तीन आकडे असतात: वापरात, मोकळे आणि कमाल. मधला नेहमी शून्य असतो, त्याने घाबरू नका.

प्रोसेसच्या बाबतीत मर्यादा वाढवण्याआधी /प्रोक/<पीआयडी>/एफडी मध्ये (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) किती नोंदी आहेत ते थोड्या थोड्या वेळाने मोजा. गर्दी ओसरल्यावर आकडा खाली येत असेल तर मर्यादा वाढवणं योग्य. रात्री तीन वाजतासुद्धा तो चढतच असेल, तर कोड सॉकेट बंद करायला विसरतो आहे. मग मर्यादा वाढवून तुम्ही फक्त पडण्याची वेळ मंगळवारऐवजी शुक्रवारवर ढकलता.

एक फसवी केस आहे. डिस्क्रिप्टर मोजून भरपूर शिल्लक दिसतात आणि तरी हाच एरर येतो. तेव्हा आयनोटिफाय (फाइलींतले बदल कळवणारी कर्नलची सोय) तपासा, प्रश्न १२.

४. लिमिट्स.कॉन्फमध्ये ६५,५३६ लिहिलं, रीबूटही केलं, यूलिमिटसुद्धा ६५,५३६ दाखवतं. तरी सर्व्हिसला १०२४ च मिळतात. का?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न. /इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ ही फाइल वाचतं पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा), आणि पॅम लागतं लॉगिनच्या वेळी. तुम्ही एसएसएचने आत आलात, पॅमने तुमच्या शेलला ६५,५३६ दिले, म्हणून यूलिमिट तो आकडा दाखवतं. सर्व्हिस मात्र लॉगिन करत नाही. तिला थेट सिस्टमडी सुरू करतं आणि ते ही फाइल उघडूनही बघत नाही.

उपाय असा: ‘सिस्टमसीटीएल एडिट’ करून त्या सर्व्हिसच्या युनिटमध्ये (तिच्या सेटिंगांच्या फाइलीत), सर्व्हिस विभागाखाली, लिमिटनोफाइल=६५५३६ ही ओळ घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीलोड पुरत नाही. मग /प्रोक/<पीआयडी>/लिमिट्स उघडा आणि ‘मॅक्स ओपन फाइल्स’ची ओळ वाचा. तिथे सॉफ्ट आणि हार्ड असे दोन आकडे असतात. प्रोसेसला लागू असतो सॉफ्ट. हार्डपर्यंत ती स्वतःहून वाढवून घेऊ शकते. या फाइलमध्ये दिसेल तेच खरं. यूलिमिट फक्त तुमच्या शेलची माहिती देतं.

त्याच्यावर अ‍ॅपची स्वतःची सेटिंगं असतात ती वेगळीच. एंजिनएक्समध्ये वर्कर-आरलिमिट-नोफाइल आणि वर्कर-कनेक्शन्स, मायएसक्यूएलमध्ये ओपन-फाइल्स-लिमिट. रेडिस तर मुकाट्याने जुळवून घेतं: मॅक्सक्लायंट्स १०,००० मागितले आणि मर्यादा ४०९६ मिळाली तर ते स्वतःसाठी ३२ बाजूला काढतं आणि ग्राहकसंख्या ४०६४ वर आणतं. सुरू होतानाच्या लॉगमध्ये तशी ओळ असते, पण ती वाचतो कोण?

चालू प्रोसेसची मर्यादा पीआर-लिमिट कमांडने न थांबवता वाढवता येते. आणीबाणीत उपयोगी आहे, पण ज्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच मर्यादा वाचून आपले टेबल ठरवलेत त्याला त्याचा फायदा नाही.

आणखी एक: लिमिट्स.कॉन्फमधली चांदणीची ओळ रूटला लागू होत नाही. रूटसाठी वेगळी ओळ लिहावी लागते.

५. सरळ अनलिमिटेड करून टाकलं तर काय बिघडेल?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली: एका प्रोसेसच्या डिस्क्रिप्टरना कर्नलचं वेगळं छत आहे, एनआर-ओपन. त्याचा मूळ डीफॉल्ट १०,४८,५७६. लिमिट्स.कॉन्फमध्ये त्याहून मोठा आकडा किंवा अनलिमिटेड लिहिलं, तर लॉगिनच्या वेळी पॅमला तो लावता येत नाही आणि लॉगिनच नाकारलं जाऊ शकतं. म्हणजे चूक सुधारायला आत शिरायचा रस्ताच बंद. ही फाइल बदलताना एक एसएसएच सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघा.

दुसरी जास्त छुपी आहे. काही जुने प्रोग्रॅम सुरू होताना ‘असतील नसतील ते सगळे डिस्क्रिप्टर बंद करू’ म्हणून शून्यापासून मर्यादेपर्यंत लूप फिरवतात. मर्यादा १०२४ असेपर्यंत हे कळतही नाही. नव्या सिस्टमडीवर इन्फिनिटी म्हणजे १०७ कोटींच्या वर आकडा होतो. मग कंटेनरमधला (प्रोग्रॅमसाठी केलेल्या वेगळ्या कप्प्यातला) एखादा साधा डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, सुरू व्हायला मिनिटं लागतात आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो.

सॉफ्ट मर्यादा अजून १०२४ च का, असंही लोक विचारतात. सिलेक्ट ही जुनी सिस्टम कॉल पद्धत १०२४ च्या पुढचे डिस्क्रिप्टर हाताळू शकत नाही. प्रोग्रॅमची मेमरी बिघडते. म्हणून सिस्टमडीने हार्ड मर्यादा ५,२४,२८८ केली आणि सॉफ्टला हात लावला नाही. ज्याला जास्त हवे त्याने मागून घ्यावेत.

६. निकालाच्या दिवसासारखी एकदम गर्दी झाली की काही लोकांना पान उघडतं, काहींना लटकतं. अ‍ॅपच्या लॉगमध्ये काहीच नाही.

लॉगमध्ये नसणारच, कारण ती कनेक्शनं अ‍ॅपपर्यंत पोचलीच नाहीत. टीसीपीचा हस्तांदोलनाचा टप्पा कर्नल पुरा करतो आणि तयार कनेक्शन अ‍ॅक्सेप्ट रांगेत ठेवतो. अ‍ॅप तिथून एकेक उचलतं. रांग भरली की कर्नल गुपचूप पॅकेट टाकून देतो. ग्राहकाचं मशीन साधारण १ सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं. म्हणून प्रतिसादाच्या वेळेच्या आलेखात बरोबर १ सेकंदाजवळ उंचवटा दिसला, तर आधी संशय या रांगेवर घ्या.

तपासायला ‘एसएस -एलएनटी’ चालवा. लिसन करणाऱ्या सॉकेटच्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता रांगेत किती, आणि सेंड-क्यू म्हणजे रांगेची लांबी. गर्दीत १२९ आणि १२८ अशी जोडी दिसली की निदान झालं. हो, १२९, कर्नल ‘जास्त झाले का’ असं तपासतो, त्यामुळे एक जास्तीचं मावतं. गर्दी ओसरून गेली असेल तर ‘एन-स्टॅट -ए’मध्ये लिसन-ओव्हरफ्लोज हा काउंटर बघा. बूट झाल्यापासूनची बेरीज तिथे असते. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून फरक काढा.

रांगेची लांबी दोन आकड्यांमधला लहान आकडा ठरवतो: अ‍ॅपने मागितलेला बॅकलॉग आणि कर्नलचा सोमॅक्सकॉन. सोमॅक्सकॉन वर्षानुवर्षं १२८ होता, २०१९ च्या ५.४ कर्नलपासून तो ४०९६ झाला. एंजिनएक्स आणि रेडिस स्वतःहून ५११ मागतात, टॉमकॅटचा अ‍ॅक्सेप्टकाउंट १०० असतो. म्हणजे टॉमकॅटसाठी नुसता सोमॅक्सकॉन वाढवणं निरर्थक आहे. शिवाय हा आकडा लिसन कॉलच्या वेळी वाचला जातो, त्यामुळे बदलानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते.

७. बॅकलॉग ६५,५३५ केला. ओव्हरफ्लो थांबले, पण आता सगळ्यांनाच उशीर होतोय.

हॉटेलबाहेर बाकडी वाढवली म्हणून आतला आचारी जास्त डोसे घालत नाही. अ‍ॅप सेकंदाला ५०० विनंत्या उरकत असेल आणि रांगेत २०,००० असतील, तर शेवटच्याला ४० सेकंदांनी नंबर लागणार. तोवर त्याचा ब्राउझर किंवा पुढचा लोड बॅलन्सर कंटाळून निघून गेलेला असतो आणि अ‍ॅप कोणीच न वाचणारं उत्तर तयार करत बसतं.

रांग क्षणभराच्या उसळीसाठी असते. अ‍ॅप एक-दोन सेकंदांत जेवढं उरकू शकतं तेवढीच लांबी ठेवा. त्यावरची गर्दी असेल तर वर्कर वाढवा, मशीन वाढवा किंवा लगेच ५०३ (‘सध्या सेवा उपलब्ध नाही’ हा एरर) द्या. सततच्या भरलेल्या रांगेला कर्नलमध्ये औषध नाही.

८. प्रॉक्सीवर ‘कॅननॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ येतं. आयपी तर बरोबर आहे.

बाहेर जाणारे पोर्ट संपले. प्रॉक्सी मागच्या अ‍ॅपकडे कनेक्शन उघडते तेव्हा तिला स्वतःच्या बाजूला एक तात्पुरता पोर्ट लागतो. डीफॉल्ट पट्टा ३२,७६८ ते ६०,९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. आपल्या बाजूने बंद केलेलं कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत राहतं, तेवढा वेळ त्याचा पोर्ट त्याच ठिकाणासाठी पुन्हा मिळत नाही. भागाकार करा: एका आयपीच्या एका पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० नवी कनेक्शनं. गर्दीच्या सर्व्हरला हा आकडा सहज गाठता येतो. मागे चार अ‍ॅप सर्व्हर असतील तर प्रत्येकासाठी हिशेब वेगळा चालतो.

आधी कनेक्शन पुन्हा वापरा. एंजिनएक्समध्ये अपस्ट्रीमला, म्हणजे मागच्या सर्व्हरकडे, कीपअलाइव्ह लावा (कनेक्शन उघडंच ठेवा), डेटाबेससाठी उघड्या कनेक्शनांचा पूल ठेवा. बहुतेकांचा प्रश्न इथेच संपतो. तरी उरला तर आयपी-लोकल-पोर्ट-रेंज १०,२४० पासून सुरू करा. मात्र त्या पट्ट्यात तुमची एखादी सर्व्हिस ऐकत असेल तर तिचा पोर्ट आयपी-लोकल-रिझर्व्ह्ड-पोर्ट्समध्ये नोंदवा. नाहीतर कधीतरी रीस्टार्टच्या वेळी तिचा पोर्ट दुसऱ्याच कोणी घेतलेला सापडतो.

९. टाइम-वेटमध्ये हजारो कनेक्शनं दिसतात. टीडब्ल्यू-रीसायकल लावू का?

टाइम-वेट लवकर आटोपणारं ते सेटिंग २०१७ मध्ये, ४.१२ कर्नलपासून काढूनच टाकलं. असतं तरी लावू नका म्हटलं असतं: एकाच नॅटमागे बसलेल्या अनेक ग्राहकांपैकी काहींची कनेक्शनं ते टाकून देत असे.

टाइम-वेट हा आजार नाही. त्याला मेमरी अगदी थोडी लागते. त्रास होतो तो फक्त बाहेर जाणारे पोर्ट संपतात तेव्हा, आणि त्याचं उत्तर वर दिलं आहे. गरज पडलीच तर टीडब्ल्यू-रीयूज १ करा. ते फक्त आपण उघडलेल्या कनेक्शनांना लागू होतं. फिन-टाइमआउट कमी करून टाइम-वेट घटत नाही. तो आकडा फिन-वेट-२ अवस्थेचा आहे. टाइम-वेटचे ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्येच पक्के लिहिलेले आहेत.

१०. ‘एनएफ-कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ असं कर्नल लॉगमध्ये येतं. काय करू?

फायरवॉल किंवा नॅट प्रत्येक कनेक्शनची नोंद एका टेबलात ठेवतं. ते भरलं की नवी कनेक्शनं पडतात, एसएसएचसुद्धा. सध्याच्या नोंदी कॉनट्रॅक-काउंटमध्ये, कमाल आकडा कॉनट्रॅक-मॅक्समध्ये. मोठ्या मेमरीच्या मशीनवर तो सहसा २,६२,१४४ असतो. तो दुप्पट-चौपट केला तर मेमरीच्या दृष्टीने फारसं बिघडत नाही.

जोडलेल्या कनेक्शनचा टाइमआउट मात्र बघाच. डीफॉल्ट ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस. मोबाइलचं नेटवर्क गेलं आणि कनेक्शन नीट बंद झालं नाही की त्याची मेलेली नोंद पाच दिवस टेबलात. तो एका दिवसावर आणला तरी फरक दिसतो. त्याहून फार खाली जायचं तर टीसीपी कीपअलाइव्हचा वेळ, जो डीफॉल्टने ७२०० सेकंद असतो, त्याच्याशी ताळमेळ बघा.

११. जावा ‘अनेबल टू क्रिएट न्यू नेटिव्ह थ्रेड’ म्हणून आउट-ऑफ-मेमरी देतं. हीप वाढवला तर अजूनच लवकर पडतं.

एररच्या नावात मेमरी असली तरी बहुतेक वेळा थ्रेडची मर्यादा लागलेली असते. हीप (जावाने डेटासाठी राखलेली मेमरी) वाढवून तुम्ही थ्रेडच्या स्टॅकची जागा उलट कमी करता. शेलमध्ये हेच ‘फोर्क: रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल’ म्हणून दिसतं.

चार ठिकाणं तपासा. पहिलं, युजरची एनप्रोक मर्यादा (त्याच्या प्रोसेसची कमाल संख्या). तिच्यात प्रोसेसबरोबर थ्रेडही मोजले जातात. दुसरा सिस्टमडीचा टास्क्स-मॅक्स (एका सर्व्हिसच्या प्रोसेस आणि थ्रेडची मर्यादा): जुन्या पीआयडी-मॅक्सवर (मशीनवरचा कमाल प्रोसेस-क्रमांक), म्हणजे ३२,७६८ वर, त्याचे १५ टक्के ४९१५ होतात आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’मध्ये टास्क्सच्या ओळीत हा आकडा ओळखीचा होऊन जातो. ही मर्यादा लागली की कर्नल लॉगमध्ये ‘फोर्क रिजेक्टेड बाय पिड्स कंट्रोलर’ अशी ओळ येते. तिसरा पीआयडी-मॅक्स, जो ४१,९४,३०४ पर्यंत नेता येतो. चौथा मॅक्स-मॅप-काउंट (एका प्रोसेसच्या मेमरी मॅपची कमाल संख्या), प्रश्न १३.

१२. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, पण डिस्क ६० टक्के मोकळी आहे!

आधी ‘डीएफ -आय’ने आयनोड (डिस्कवरची प्रत्येक फाइलीची नोंद) बघा. लाखो बारीक फाइली असतील तर जागा असूनही आयनोड संपतात.

तेही शिल्लक असतील तर आयनोटिफाय. फाइलींवर पहारा ठेवणारे प्रोग्रॅम (लॉग गोळा करणारे, टेल, कोड एडिटर) एकेक वॉच मागतात, आणि वॉच संपले की कर्नल हाच दिशाभूल करणारा एरर परत देतो. मॅक्स-युजर-वॉचेस पूर्वी ८१९२ होता, ५.११ कर्नलपासून तो मेमरी पाहून ठरतो. मॅक्स-युजर-इन्स्टन्सेस मात्र अजून बहुधा १२८ च असतो, आणि तो संपला की एरर येतो ‘टू मेनी ओपन फाइल्स’. कुबरनेटीसच्या (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) नोडवर, म्हणजे मशीनवर, बरेच पॉड (कंटेनरांचे गट) रूट म्हणून चालतात, सगळ्यांचा युजर एकच, त्यामुळे १२८ तिथे लवकर सरतात. ५१२ किंवा १०२४ करा.

१३. इलॅस्टिकसर्च (शोधाचं सर्व्हर सॉफ्टवेअर) मॅक्स-मॅप-काउंट कमी आहे म्हणून सुरूच होत नाही.

ते फाइली मेमरीत मॅप करून वाचतं, आणि ६५,५३० हा जुना डीफॉल्ट पुरत नाही. किमान २,६२,१४४ करा. हे सेटिंग होस्टवरच करायचं असतं, कंटेनरमध्ये नाही. कारण प्रश्न १७ मध्ये.

१४. स्वॅपिनेस शून्य केलं की स्वॅप बंद होतं ना?

नाही. स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, आणि स्वॅपिनेस ती किती लवकर वापरायची ते ठरवतं. मेमरी अगदी तळाला गेली की तरीही स्वॅप वापरलं जातं. बंद करायचं तर ‘स्वॅपऑफ’. डेटाबेसच्या मशीनवर १ ते १० ठेवतात. डीफॉल्ट ६० आहे.

१५. पोस्टग्रेससाठी एसएचएम-मॅक्स किती ठेवू?

काही ठेवू नका. पोस्टग्रेस (डेटाबेस) ९.३ पासून एसएचएम-मॅक्स ज्याला लागू होतं त्या प्रकारची, प्रोसेसनी वाटून वापरायची शेअर्ड मेमरी नाममात्रच वापरतं, आणि कर्नल ३.१६ पासून डीफॉल्टही प्रचंड मोठा आहे. हा सल्ला त्याआधीच्या काळातला.

१६. सिस-सीटीएलमध्ये बदललेलं रीबूटनंतर जुन्यावर जातं.

‘सिस-सीटीएल -डब्ल्यू’ फक्त चालू कर्नलला लागू होतं. टिकवायचं तर /इटीसी/सिस-सीटीएल.डी मध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल करा. सगळ्या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची जिंकते. ‘-पी’ने एकच फाइल वाचली जाते, बूटसारखी खरी परीक्षा ‘--सिस्टम’नेच होते.

फाइल बरोबर असूनही आकडा टिकत नसेल तर दोन कारणं. रेड हॅटच्या कुळात ट्यून्ड ही सर्व्हिस आपल्या प्रोफाइलचे आकडे लावू शकते. आणि कॉनट्रॅकची सेटिंगं त्याचं मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडला जाणारा भाग) लोड झाल्याशिवाय जन्मालाच येत नाहीत. बूटवेळी तुमची ओळ वाचली गेली तेव्हा ती जागाच नव्हती. अशा वेळी मॉड्यूलचं नाव /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये टाका.

१७. होस्टवर सोमॅक्सकॉन ८१९२ आहे. कंटेनरच्या आत तरी ४०९६ का?

नेटवर्कची बरीच सेटिंगं नेटवर्क नेमस्पेसनिहाय (कंटेनरला मिळणाऱ्या स्वतंत्र नेटवर्कनिहाय) असतात, आणि नवी नेमस्पेस सोमॅक्सकॉनचा आकडा कर्नलच्या डीफॉल्टमधून घेते, होस्टकडून नाही. आयपी-लोकल-पोर्ट-रेंजचंही तसंच. डॉकरमध्ये कंटेनर चालवताना ‘--सिस-सीटीएल’ने द्या. कंटेनर होस्ट नेटवर्कवर चालत असेल तर होस्टचेच आकडे लागू होतात.

कुबरनेटीसमध्ये पॉडच्या सिक्युरिटी-काँटेक्स्टमध्ये हे लिहिता येतं. पोर्ट-रेंज सुरक्षित यादीत आहे. सोमॅक्सकॉन नाही, त्यामुळे नोडवरच्या क्युबलेटला (तिथले पॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) आधी परवानगी द्यावी लागते, नाहीतर पॉड नाकारला जातो.

उलट मॅक्स-मॅप-काउंट, फाइल-मॅक्स, स्वॅपिनेस ही सगळ्या मशीनची सामाईक आहेत. एका कंटेनरला प्रिव्हिलेज्ड करून (होस्टचे अधिकार देऊन) ती बदलली तर शेजारच्या सगळ्यांची बदलतात. एनप्रोक यांच्या मधे कुठेतरी बसतो: युजर नेमस्पेस वापरत नसाल तर वेगवेगळ्या कंटेनरमधला १००० क्रमांकाचा युजर कर्नलच्या लेखी एकच असतो. एका कंटेनरने थ्रेड उधळले की दुसऱ्याला, काहीही न करता, प्रश्न ११ मधला एरर येतो. म्हणून कंटेनरना एनप्रोक लावू नका. डॉकरचा ‘--पिड्स-लिमिट’ वापरा, तो प्रत्येकाचा स्वतंत्र मोजला जातो.

१८. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला बॅकअप पाठवतो. १ जीबीपीएसची लाइन आहे, वेग दहावा हिस्साही नाही.

जाऊन-येऊन सुमारे २०० मिलिसेकंद धरा. १ जीबीपीएस भरून वाहायची तर २५ एमबी डेटा सतत वाटेत असावा लागतो. टीसीपी-डब्ल्यूमेमचा (पाठवण्याच्या बफरचा) कमाल डीफॉल्ट सुमारे ४ एमबी आहे, म्हणजे एका कनेक्शनवर फार तर २० एमबी प्रतिसेकंद. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी, कारण बफरचा काही भाग कर्नलच्या स्वतःच्या हिशेबात जातो. पाठवणाऱ्या बाजूला डब्ल्यूमेमचा आणि घेणाऱ्या बाजूला आरमेमचा (घेण्याच्या बफरचा) तिसरा, म्हणजे कमाल, आकडा ६४ एमबीपर्यंत वाढवा. पहिले दोन तसेच राहू द्या, नाहीतर प्रत्येक लहानसहान कनेक्शन जास्त मेमरी घेऊन बसेल.

कोअर-आरमेम-मॅक्स वाढवून मात्र इथे काही होत नाही. तो अ‍ॅपने स्वतः बफर मागितला तरच लागू होतो, आणि तसा मागितला की कर्नलचं आपोआप वाढवणं त्या सॉकेटपुरतं बंद पडतं. वाटेत पॅकेट गळत असतील तर बफर वाढवूनही वेग येणार नाही; ४.९ कर्नलपासून मिळणारा बीबीआर (पाठवण्याचा वेग ठरवण्याची टीसीपीची एक पद्धत) लावून बघा, किंवा बॅकअप चार-आठ समांतर कनेक्शनांत तोडा.